जिम प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणत्या देशाचे घ्यावे?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात व्यायामशाळेत होणाऱ्या दुखापतींविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये प्रशिक्षकांची आणि प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांची पत्रे सर्वांत जास्त होती, आणि बहुतेकांना कोणत्या देशाचे प्रमाणपत्र घ्यावे हेच विचारायचे होते. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी बारावीनंतर एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर म्हणून कामाला लागलो. आता पर्सनल ट्रेनिंगची कामे मिळू लागली आहेत. परंतु मालक म्हणतात की इंटरनॅशनल सर्टिफिकेट आणल्याशिवाय पगार वाढणार नाही. एसीई, एनएएसएम, एसीएसएम आणि एनएससीए ही चार नावे सगळीकडे ऐकू येतात. यांतले अमेरिकन सरकारने मान्य केलेले कोणते आणि सर्वांत चांगले कोणते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ही चारही प्रमाणपत्रे अमेरिकेतली आहेत, मात्र त्यांतले एकही अमेरिकन सरकारचे नाही. तिथे केस कापणाऱ्यालासुद्धा राज्याचा परवाना लागतो. पर्सनल ट्रेनरला मात्र असा परवाना घ्यावा लागत नाही. त्यामुळे ज्ञानाची खातरजमा करण्याचे काम खासगी, बहुतांशी ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्थांकडे आले. एसीएसएम ही त्यांतली सर्वांत जुनी संस्था १९५४ साली स्थापन झाली, एनएससीए १९७८ साली, एसीई १९८५ साली आणि एनएएसएम १९८७ साली.

मग यांपैकी विश्वासार्ह कोण, हे ठरवण्यासाठी तिथले जिमचालक एनसीसीए या मंडळाची मान्यता पाहतात. हे मंडळही सरकारी नाही, परंतु परिचारिकांपासून तंत्रज्ञांपर्यंत अनेक व्यवसायांच्या परीक्षा ते तपासते. तुम्ही नावे दिलेल्या चारही संस्थांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षांना ही मान्यता आहे. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. एनसीसीएची मान्यता परीक्षेला असते, शिकवणीला नसते. प्रश्नपत्रिका नीट तयार झाली आहे का, उत्तीर्णतेची पातळी शास्त्रशुद्ध ठरवली आहे का, परीक्षेवर देखरेख होते का, एवढेच हे मंडळ पाहते. त्यामुळे एखाद्या शिकवणी वर्गाने ‘एनसीसीए मान्यताप्राप्त कोर्स’ अशी पाटी लावली असेल, तर तो वर्ग स्वतःची नसलेली मान्यता मिरवत आहे असे समजावे.

चौघांमध्ये दर्जापेक्षा स्वभावाचा फरक अधिक आहे. एनएएसएम पाच टप्प्यांची ठरीव पद्धत शिकवते : आधी तोल आणि स्थैर्य, मग क्रमाने ताकदीचा टिकाऊपणा, स्नायूंची वाढ, कमाल ताकद आणि शेवटी स्फोटक शक्ती. नवख्याला अशी वहिवाट बरी वाटते, कारण पहिल्या दिवशी काय करायचे हा प्रश्न पडत नाही. एसीई ग्राहकाची सवय कशी बदलायची, त्याच्याशी कसे बोलायचे, यावर भर देते. एसीएसएमचा पाया वैद्यकीय आहे. रक्तदाब, मधुमेह, वाढते वय यांचा विचार तिथे नेटका होतो. एनएससीए ही मुळात खेळाडूंची ताकद वाढवणाऱ्या प्रशिक्षकांची संस्था आहे आणि तिच्या परीक्षेत चित्रे व व्हिडिओ दाखवून हालचालीतील चूक ओळखायला लावणारे प्रश्न असतात.

तुमच्याकडे तालमीतले पैलवान आणि फुटबॉल खेळणारी मुले येत असतील, तर मी एनएससीए सुचवेन; सकाळच्या वेळी पन्नाशीपुढची मंडळी जास्त असतील, तर एसीएसएम. दोन्हींची सरमिसळ असेल आणि इंग्रजी वाचनाची फार सवय नसेल, तर एसीईपासून सुरुवात करणे सोयीचे पडेल.

या चारही परीक्षांत तुमचे प्रत्यक्ष काम मात्र कोणी पाहत नाही. एसीईच्या परीक्षेत तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि एनएएसएमच्या परीक्षेत दोन तासांत १२०. त्यासोबत सीपीआरचे, म्हणजे छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचे, चालू प्रमाणपत्र लागते. अशा परीक्षेत हमखास शोभेल असा एक प्रश्न घ्या : ५२ वर्षांचा ग्राहक बीटा-ब्लॉकर गटातले औषध घेतो, तर त्याच्या व्यायामाची तीव्रता कशी मोजावी? या औषधाने हृदयाचे ठोके वाढायला अटकाव होतो, त्यामुळे २२० मधून वय वजा करून काढलेला नाडीचा आकडा तिथे फसवा ठरतो. ग्राहकाला किती दमल्यासारखे वाटते याची श्रमपट्टी वापरावी आणि बोलताना त्याला धाप लागते का ते पाहावे, हे बरोबर उत्तर. पुस्तक वाचलेला कोणीही त्यावर खूण करील. कोल्हापुरातला प्रत्यक्ष ग्राहक मात्र ‘बीटा-ब्लॉकर’ हा शब्द उच्चारणार नाही. तो म्हणेल, ‘सकाळी एक बीपीची गोळी घेतो, बाकी काही नाही.’ तेव्हा गोळीचे नाव विचारण्याचे, उद्या पाकीट घेऊन या असे सांगण्याचे आणि तोपर्यंत त्याला ट्रेडमिलवर न पळवण्याचे भान लेखी परीक्षा देत नाही. ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करून येते. म्हणून परीक्षेची तयारी कराल त्याच काळात एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या शेजारी उभे राहून त्यांची पर्सनल सेशन पाहण्याची परवानगी मागा, आणि नंतर त्यांना तुमची सेशन पाहायला सांगा.

शुल्काचा विचार करताना नूतनीकरण विसरू नका. एसीई आणि एनएएसएमचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी आणि एसीएसएम व एनएससीएचे दर तीन वर्षांनी नवे करावे लागते. त्यासाठी पुढील शिक्षणाचे गुण जमवावे लागतात आणि पैसेही डॉलरमध्येच भरावे लागतात. मालक पगार किती वाढवणार हे आधी लेखी घ्या, मग हिशेब करा.

प्रश्न : माझा मुलगा सप्टेंबरमध्ये लेस्टरला एम.एस्सी.साठी जाणार आहे. त्याच्याकडे अमेरिकन पर्सनल ट्रेनर प्रमाणपत्र आहे आणि तिथे जिममध्ये काम करून खर्च भागवीन असे तो म्हणतो. हे प्रमाणपत्र इंग्लंडमध्ये चालेल का?
– एक पालक, पुणे

उत्तर : तुमच्या चिरंजीवांना दोन वेगवेगळ्या दारांतून आत जावे लागेल, एक व्यवसायाचे आणि दुसरे व्हिसाचे.

व्यवसायाचे दार आधी पाहू. इंग्लंडमध्ये ही शैक्षणिक अर्हता आहे आणि तिला पायऱ्या आहेत. लेव्हल टू म्हणजे जिम इन्स्ट्रक्टर, लेव्हल थ्री म्हणजे पर्सनल ट्रेनर, आणि त्यापुढे लेव्हल फोरला पाठदुखी, स्थूलता व मधुमेह, हृदयविकारानंतरचा व्यायाम अशी विशेष क्षेत्रे. अर्हता देणाऱ्या संस्थांवर ऑफक्वाल या सरकारी नियामकाची नजर असते, तर व्यवसायाची मानके सिम्स्पा ही शाही सनद मिळालेली संस्था ठरवते. शिकवणारी संस्था वेगळी आणि अर्हता देणारी संस्था वेगळी. शिवाय परीक्षकाने दिलेला निकाल तपासणारा आणखी एक पडताळणी अधिकारी असतो. अमेरिकेतल्यासारखी एकच मोठी लेखी परीक्षा इथे नाही. शरीररचनेची लेखी परीक्षा असते, पण खरा कस प्रात्यक्षिकात लागतो.

ते प्रात्यक्षिक कसे असते ते सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांना तिथेच अडखळायला होते. उमेदवारासमोर एक ग्राहक असतो. आधी त्याची मुलाखत घ्यायची, प्रकृतीविषयीची प्रश्नावली भरून घ्यायची, उद्दिष्ट विचारायचे आणि त्यावरून कार्यक्रम लिहून काढायचा. मग परीक्षकाच्या देखत सेशन घ्यायचे. समजा ग्राहकाने बारबेल खांद्यावर घेऊन बैठक मारली आणि खाली जाताना त्याच्या टाचा उचलल्या. नुसते ‘टाचा खाली’ असे ओरडणाऱ्याला परीक्षक पुरे गुण देत नाही. वजन कमी केले का, पाय थोडे रुंद ठेवायला सांगितले का, घोटा कडक आहे का हे तपासले का, बैठकीची खोली तात्पुरती कमी केली का, आणि ग्राहकाला हे सगळे त्याला समजेल अशा भाषेत सांगितले का, हे पाहिले जाते. उमेदवार कुठे उभा राहिला यालाही महत्त्व आहे; बेंच प्रेस करणाऱ्याच्या डोक्याशी न थांबता मोबाइलकडे पाहणारा उमेदवार तिथेच नापास होतो, आणि तसेच व्हायला हवे. या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्याकडच्या प्रत्येक अकादमीने एवढे जरी उचलले, तरी निम्म्या दुखापती टळतील असे माझे मत आहे.

अमेरिकन प्रमाणपत्र पाहून एखादा जिमचालक मुलाखतीला बोलावील. परंतु विमा आणि भरती या दोन्हींसाठी बहुतेक ठिकाणी लेव्हल टू आणि थ्री विचारले जाते. चिरंजीवांना आधीचा अभ्यास उपयोगी पडेल, पण प्रात्यक्षिक पुन्हा द्यावे लागेल असे धरून चालावे.

व्हिसाचे दार अधिक अरुंद आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि स्वयंरोजगाराला पूर्ण मनाई आहे. इंग्लंडमधल्या पुष्कळ मोठ्या जिममध्ये पर्सनल ट्रेनर हा पगारी नोकर नसतो. तो जिमला दरमहा भाडे देऊन स्वतःचे ग्राहक मिळवतो. हा स्वयंरोजगारच झाला, म्हणजे विद्यार्थ्याला तो वर्ज्य. पगारावर ठेवणारी जिम शोधावी लागेल. व्यावसायिक खेळाडू वा क्रीडाप्रशिक्षक म्हणून काम करण्यासही या व्हिसावर बंदी असल्यामुळे, नोकरीचे पत्र हाती आल्यावर विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाला ते दाखवूनच होकार द्यावा. पुढे याच कामावर तिथे स्थायिक होण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी साधारणपणे पदवीच्या तोडीचे काम लागते, आणि लेव्हल थ्री ही आपल्याकडच्या बारावीच्या पातळीची अर्हता आहे. पहिल्या सत्राची फी आणि राहण्याचा खर्च जिमच्या कमाईवर अवलंबून ठेवू नका, ही एका शिक्षकाची कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी नागपूरहून फिजिओथेरपीची पदवी घेतली आहे. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मेलबर्नला आलो आणि मला काम करण्याची परवानगी आहे. फिजिओ म्हणून नोंदणी होईपर्यंत पर्सनल ट्रेनर व्हावे म्हणते. माझ्या पदवीमुळे कोर्स माफ होईल का?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : पूर्ण माफ होणार नाही, पण बराच हलका होऊ शकेल. ऑस्ट्रेलियात ही वाट व्यावसायिक शिक्षणाच्या राष्ट्रीय चौकटीतून जाते. सर्टिफिकेट थ्री इन फिटनेस घेतल्यावर जिममध्ये मार्गदर्शक म्हणून वा समूहवर्ग घेणारी म्हणून काम करता येते. व्यक्तिगत प्रशिक्षणासाठी सर्टिफिकेट फोर लागते. कोणतीही नोंदणीकृत प्रशिक्षण संस्था हे शिकवू शकते, मात्र अभ्यासघटक देशभर तेच असतात आणि बहुतेक संस्थांवर आस्क्वा या केंद्रीय नियामकाचे नियंत्रण असते. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा भाग असतो आणि प्रथमोपचाराचा घटकही त्यात येतो.

आधीच्या शिक्षणाला श्रेय देण्याची तिथे रीतसर सोय आहे. प्रवेश घेण्यापूर्वीच पदवीपत्र, विषयवार गुणपत्रिका आणि नागपूरच्या रुग्णालयातील कामाचे तासांसह पत्र जोडून अर्ज करा. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे घटक सुटतील अशी आशा ठेवायला हरकत नाही. ग्राहक मिळवणे, कार्यक्रम आखणे, समूह सांभाळणे हे घटक मात्र करून दाखवावे लागतील. फी सांगताना किती घटक माफ झाले हे लेखी न देणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका. काम सुरू करताना ऑसअ‍ॅक्टिव्ह या संस्थेकडे, म्हणजे पूर्वीच्या फिटनेस ऑस्ट्रेलियाकडे, नोंदणी करणे सक्तीचे नाही. तरीही जिमचालक आणि विमा कंपन्या ती विचारतात.

एक इशारा स्पष्ट शब्दांत देतो. नोंदणी होईपर्यंत कोणालाही, अगदी महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या काकूंनाही, ‘मी फिजिओ आहे’ असे सांगून गुडघा तपासू नका. ‘फिजिओथेरपिस्ट’ ही तिथे कायद्याने राखीव संज्ञा आहे, आणि तिचा गैरवापर झाला तर पुढे तुमचीच नोंदणी अडचणीत येईल. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिलचे लेखी आणि प्रात्यक्षिक मूल्यांकन हे तुमचे खरे उद्दिष्ट असावे. तिथे एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट नावाचा तिसराही व्यवसाय आहे. त्याला चार वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण लागते आणि जुनाट आजारांच्या रुग्णांना डॉक्टरांच्या शिफारशीने त्याच्याकडे मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेच्या मदतीने जाता येते. सर्टिफिकेट फोर घेतलेल्या प्रशिक्षकाला हा अधिकार नाही. निरोगी माणसाला व्यायाम शिकवणे आणि आजारी माणसाला व्यायामाने बरे करणे यांत त्या देशाने रेषा आखून ठेवली आहे, आणि ती रेषा तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने तर जपलीच पाहिजे.

प्रश्न : माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि गोव्यात एका हॉटेलच्या जिममध्ये मी काम करतो. युरोपात कुठेही चालेल असे एखादे प्रमाणपत्र आहे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : कागदावर आहे. युरोपअ‍ॅक्टिव्ह या संघटनेने युरोपीय अर्हता चौकटीच्या चौथ्या पातळीवर पर्सनल ट्रेनरची मानके ठरवली आहेत आणि ती मानके पूर्ण करणाऱ्यांची नोंद इरेप्स या युरोपीय नोंदवहीत होते. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना ही नोंद उपयोगी पडते. तरीही युरोप हा या बाबतीत एक देश नाही, आणि पासपोर्टने मिळणारा काम करण्याचा हक्क व व्यवसाय करण्याची अर्हता या वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या देशाचा पासपोर्ट तुमच्याकडे आहे, तोच यात कडक आहे. पोर्तुगालमध्ये २०१२ च्या कायद्यानुसार जिममध्ये व्यायाम शिकवणाऱ्याला ‘तेक्निको दि एझेर्सिसियु फिझिकु’ ही सरकारी उपाधी घ्यावी लागते, आणि त्यासाठी क्रीडाशास्त्रातील पदवी किंवा ठरवून दिलेला व्यावसायिक अभ्यासक्रम लागतो. फ्रान्स त्याहून कठोर आहे. पैसे घेऊन कोणताही शारीरिक व्यायाम शिकवायचा तर मान्य पदविका हवीच. ती नसताना शिकवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड अशी तरतूद तिथल्या क्रीडासंहितेत आहे. तिथली नेहमीची पदविका साधारण वर्षभराची असते, तिच्या प्रवेशासाठी धावण्याची आणि ताकदीची चाचणी द्यावी लागते, आणि पुढे पाच वर्षांच्या मुदतीचे व्यावसायिक ओळखपत्र मिळते. जर्मनीत याच्या उलट चित्र आहे : तिथे ‘प्रशिक्षक’ या नावाला कायद्याचे संरक्षण नाही; बी-परवाना आणि ए-परवाना अशा नावांची खासगी प्रमाणपत्रे चालतात आणि त्यांचा दर्जा संस्थेनुसार बदलतो.

तेव्हा आधी देश ठरवा, मग भाषा शिकायला लागा आणि तिसऱ्या क्रमांकावर प्रमाणपत्राचा विचार करा. आजी-आजोबांकडून आलेले तोडकेमोडके पोर्तुगीज ग्राहकाला श्वास कधी सोडायचा हे सांगायला पुरत नाही. भाषा पक्की असेल तर लिस्बनमध्येच जाऊन तिथला अभ्यासक्रम करणे, हे गोव्यात बसून महागडे ऑनलाइन प्रमाणपत्र घेण्यापेक्षा कितीतरी पदरात पाडणारे आहे.

प्रश्न : दुबईच्या एका जिममध्ये नोकरी लावून देतो असे एक एजंट म्हणतो. ‘रेप्स’ करून देण्याचेही वेगळे पैसे मागतो. हे काय आहे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : रेप्स युएई ही तिथल्या व्यायाम प्रशिक्षकांची नोंदवही आहे. तो अभ्यासक्रम नसल्यामुळे ‘करून देण्या’सारखे त्यात काही नाही. तुमच्याकडे त्यांनी मान्य केलेली अर्हता, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि ओळखीचे कागद असतील तर अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. एजंटला पैसे देण्यापूर्वी तुमचे सध्याचे प्रमाणपत्र त्यांना मान्य आहे का हे थेट नोंदवहीकडे विचारा. तसेच तो एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याहून अधिक मागत असेल तर दुसरे काही पाहण्याची गरज नाही.

प्रश्न : मी बी.पी.एड. केले आहे. जिममध्ये मात्र तीन महिन्यांचा कोर्स केलेल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. माझ्या पदवीला जगात कुठे किंमत आहे का?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : ज्या गावात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, तिथून हा प्रश्न यावा याचे वाईट वाटले. तुमची पदवी शाळेत शिकवण्यासाठी आखलेली आहे. त्यामुळे शरीरशास्त्र, क्रीडामानसशास्त्र आणि गट हाताळणे तुम्हाला येते. एका चाळिशीच्या माणसाबरोबर चार महिने काम करून त्याची कंबरदुखी वाढू न देता वजन उतरवणे, हे त्या अभ्यासक्रमात फारसे नसते. तेवढी उणीव भरून काढली तर तुम्ही त्या मुलांच्या पुढेच असाल.

पदवीला किंमत आहे अशा दोन जागा सांगतो. एनएससीएचे सीएससीएस हे खेळाडूंच्या ताकद-प्रशिक्षकांचे प्रमाणपत्र बारावीवर मिळत नाही. त्याला पदवी लागतेच, आणि परीक्षेत शास्त्रीय पाया व प्रत्यक्ष उपयोजन असे दोन स्वतंत्र भाग असतात. भारतात क्रिकेट, कबड्डी, बॅडमिंटनच्या संघांबरोबर काम करायचे असेल तर हे नाव वजनदार आहे. दुसरी जागा कॅनडा. तिथेही साध्या प्रमाणपत्रांची वाट आहेच, परंतु सीएसईपी या व्यायामशास्त्रज्ञांच्या संस्थेचे पर्सनल ट्रेनर प्रमाणपत्र घ्यायचे तर व्यायामशास्त्राचे किमान दोन वर्षांचे उच्च शिक्षण आणि लेखीबरोबर प्रात्यक्षिक परीक्षा अशी अट आहे. इतक्या देशांच्या पद्धती पाहिल्यावर पायाभूत पर्सनल ट्रेनर प्रमाणपत्रांमध्ये मला हीच सर्वांत समतोल वाटते. व्यायामापूर्वी भरून घेतला जाणारा पार-क्यू हा सात प्रश्नांचा अर्ज, जो आज जगभरच्या जिममध्ये वापरला जातो, तोही मूळचा कॅनडातलाच.

देशातच राहायचे असेल तर राष्ट्रीय कौशल्य चौकटीतले फिटनेस ट्रेनरचे प्रमाणपत्र घ्या. क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत त्याचे मूल्यमापन होते, त्यात प्रात्यक्षिक असते आणि सरकारी प्रकल्पांमध्ये ते विचारले जाते. मुंबई-पुण्याच्या खासगी अकादम्या चांगल्याही आहेत आणि सुमारही. प्रवेशापूर्वी त्यांना विचारा की एका तुकडीत किती विद्यार्थी असतात, प्रात्यक्षिकाचे तास किती आणि मागच्या तुकडीत किती जण नापास झाले. ‘आमच्याकडे सगळे पास होतात’ असे उत्तर आले तर तिथे जाऊ नका.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. जिममधला प्रशिक्षक भिंतीवरची पाच-सहा इंग्रजी प्रमाणपत्रे दाखवतो आणि सोबत डाएट चार्ट व पावडरही देतो म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : भिंतीवरच्या प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी शोधा : प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख. एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या सर्वांच्या संकेतस्थळांवर प्रशिक्षकाचे नाव तपासण्याची सोय आहे. मुदत संपलेले प्रमाणपत्र म्हणजे तो प्रशिक्षक त्यानंतर काही नवीन शिकल्याचा पुरावा नाही. सहभागाचे प्रशस्तिपत्रक आणि परीक्षा देऊन मिळालेले प्रमाणपत्र यांतही फरक असतो. एका दिवसाच्या कार्यशाळेलासुद्धा सोनेरी किनारीचा कागद मिळतो. सीपीआरचे प्रमाणपत्र चालू आहे का आणि जिममध्ये एईडी, म्हणजे हृदय अचानक बंद पडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र, आहे का, हे संकोच न करता विचारा.

डाएट चार्ट आणि पावडर यांना ठाम नकार द्या. वर उल्लेख केलेल्या कोणत्याही देशात पर्सनल ट्रेनरच्या प्रमाणपत्राने हृदयरुग्णाला आहार लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. सकस आहाराच्या सर्वसाधारण सूचना एवढीच त्याची हद्द आहे. तुम्ही रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असाल, आणि कोणते पूरक पदार्थ त्यांच्या आड येतात हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायला हवे.

मुख्य मुद्दा तुमच्या हृदयाचा आहे. इंग्लंडमध्ये तुमच्यासारख्या व्यक्तीला लेव्हल फोरचे हृदय-पुनर्वसनाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे पाठवतात, आणि अमेरिकेत एसीएसएमची क्लिनिकल एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट ही वेगळी, पदवीवर आधारलेली अर्हता आहे. त्या देशांतही साधा पर्सनल ट्रेनर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला हात लावणार नाही. आपल्याकडे हे काम मोठ्या रुग्णालयांतील हृदय-पुनर्वसन विभाग आणि त्यातले फिजिओथेरपिस्ट करतात. जिममध्ये पैसे भरण्यापूर्वी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन ताण-चाचणी करून घ्या, आणि नाडी किती ठोक्यांपर्यंत जाऊ द्यायची, कोणते व्यायाम टाळायचे, औषधे कोणती चालू आहेत, हे एका पानावर त्यांच्या सहीने लिहून घ्या. ते पान प्रशिक्षकाच्या हातात द्या. तो ते नीट वाचून दोन प्रश्न विचारतो की न वाचताच खिशात घालतो, यावरून तुम्हाला निर्णय घेता येईल.